पेन्सिल विद्यार्थ्याच्याच हातात: भौतिकशास्त्राच्या गणितांत मदत करणाऱ्या नवख्यांसाठी

"यात कुठलं सूत्र लागेल?" भौतिकशास्त्राचं गणित घेऊन आलेला विद्यार्थी बहुतेक वेळा हाच प्रश्न विचारतो, आणि नव्याने शिकवायला लागलेला माणूस इथेच फसतो. सूत्र त्याला माहीत असतं, समोरचा आशेने बघत असतो, शिवाय सांगून टाकण्यात एक छोटासा आनंदही असतो. सूत्र सांगितलं, आकडे घातले, उत्तर पुस्तकामागच्या उत्तराशी जुळलं, दोघंही खूश. दोन दिवसांनी तेच गणित जरा फिरवून येतं आणि विद्यार्थी पुन्हा हजर: "यात कुठलं सूत्र लागेल?"

मी बराच काळ असाच शिकवत होतो. समजावून सांगताना माझी रंगत यायची, मुलंही मान डोलवायची. एकदा जुन्या वह्या चाळताना दिसलं की त्यांत मुलांपेक्षा माझंच अक्षर जास्त आहे. गणितं मी सोडवत होतो, ती बघत होती.

धाकट्या भावंडाला शिकवणारी ताई, वर्गमित्राला मदत करणारा मित्र, पहिल्यांदाच शिकवणी घेणारा कुणी, अशांसाठी हे लिहितो आहे. गती, बल, ऊर्जा या सुरुवातीच्या प्रकरणांपुरतंच बोलेन, कारण पुढची सगळी प्रकरणं इथे लागलेल्या सवयींवर चालतात.

बसण्याआधी

शक्य असेल तर गणित आधी स्वतः सोडवा आणि ते दुसऱ्या मार्गाने होतं का तेही बघा. तुम्ही जिथे क्षणभर थबकलात ती जागा लक्षात ठेवा, विद्यार्थी नेमका तिथेच रुतणार आहे. मग तो कागद घडी घालून बाजूला ठेवा. समोर राहिला तर तुमची नजर त्याच्या वहीवरून तुमच्या कागदावर जाते, आणि त्याची प्रत्येक ओळ तुमच्या ओळीशी जुळते का, एवढंच तुम्ही बघत बसता. त्याचा रस्ता वेगळा असूनही बरोबर असू शकतो.

वही त्याच्यासमोर, पेन्सिल त्याच्या हातात. काही काढून दाखवायचंच असेल तर वेगळ्या कागदावर, वेगळ्या उदाहरणावर. सांगायला सोपा नियम आहे, पण मला हाच सगळ्यांत जड गेला. हात शिवशिवतात.

आधी गोष्ट, मग आकडे

"कुठे अडलंय?" असं विचारू नका. "सगळंच" हे उत्तर येतं आणि गाडी तिथेच थांबते. "आतापर्यंत काय करून पाहिलंस?" असं विचारा, आणि लगेच दुसरं: "या प्रश्नात काय घडतंय ते एकही आकडा न घेता सांग." जो सांगतो, "एकजण गच्चीवरून दगड वर फेकतो, तो वर जाऊन परत येतो आणि खाली जमिनीवर पडतो", त्याचं निम्मं काम झालेलं असतं. जो "वेग २० आहे, उंची २५ आहे" अशी सुरुवात करतो, त्याला अजून दगड दिसलेलाच नाही.

भौतिकशास्त्राच्या प्रश्नात काही शब्द आकड्यांचं काम करतात आणि नवख्याला ते कळत नाहीत. 'विरामावस्थेतून निघाली' म्हणजे सुरुवातीचा वेग शून्य. 'गुळगुळीत पृष्ठभाग' म्हणजे घर्षण धरू नका. 'हलकी दोरी' म्हणजे दोरीचं वस्तुमान सोडून द्या, म्हणून तिच्या दोन्ही टोकांना ताण सारखाच. 'एकसमान वेगाने' म्हणजे एकूण बल शून्य, आणि हे तर भल्याभल्यांच्या नजरेतून सुटतं. 'सर्वोच्च बिंदूवर' म्हणजे सरळ वर फेकलेल्या वस्तूचा वेग त्या क्षणी शून्य, पण त्वरण शून्य नाही. तिथे त्वरणही शून्य लिहिणारे पुष्कळ भेटतील. विद्यार्थ्याला प्रश्नातले आकडे गोल करायची सवय असते. त्याला हे शब्दही अधोरेखित करायला लावा.

बाणाला मालक हवा

आकृतीवर वेळ घालवा, हवा त्याहून दुप्पट घालवा. बलांच्या गणितात एकच वस्तू निवडायची, ती एकटी काढायची आणि तिच्यावर लागणारी बलं बाणांनी दाखवायची. याला मुक्त-पिंड आकृती म्हणतात. मुलं ती चटकन काढतात आणि बहुधा एक बाण जास्त काढतात. त्यासाठी एकच प्रश्न लागतो: "हे बल कोण लावतंय?" वजनाचा बाण पृथ्वीचा, वर ढकलणारा बाण टेबलाचा, ताण दोरीचा. ज्या बाणाला मालक सापडत नाही तो खोडायचा.

हातातून सुटून वर चाललेल्या दगडावर कोणती बलं आहेत, हे विचारून बघा. खाली गुरुत्वाचा बाण येईल आणि वर 'फेकल्याचं बल' म्हणून आणखी एक. मालक विचारा. "हात." मग विचारा, "हात आता कुठे आहे?" यानंतर जी शांतता पसरते ती मोडू नका.

या चुकीला हसूही नका. फेकणारा वस्तूत काहीतरी भरून देतो आणि ते वस्तूला पुढे नेत राहतं, हा विचार चौदाव्या शतकात पॅरिसच्या ज्याँ ब्युरिदाँसारख्या विद्वानाने गंभीरपणे मांडला होता. तुमचा विद्यार्थी बऱ्याच नामांकित मंडळींच्या रांगेत उभा आहे. १९८५ मध्ये अमेरिकेत इब्राहिम हलून आणि डेव्हिड हेस्टेनिस यांनी दाखवून दिलं की भौतिकशास्त्राचा अभ्यासक्रम पूर्ण केलेल्या विद्यार्थ्यांच्याही मनात असल्या जुन्या समजुती टिकून राहतात. हार्वर्डच्या एरिक माझूर यांनी ते वाचून तसलेच साधे प्रश्न आपल्या वर्गाला घातले, तेव्हा एका विद्यार्थिनीने विचारलं की तुम्ही शिकवलंत तसं लिहू की मला वाटतं तसं? तुमच्या समोर बसलेल्या मुलाच्या मनातही अशी दोन उत्तरं असतात. परीक्षेत तो पहिलं लिहितो, गणित अवघड झालं की दुसरं वर येतं.

न्यूटनच्या तिसऱ्या नियमाबद्दल एवढंच: टेबलावरच्या पुस्तकाचं वजन आणि टेबलाची प्रतिक्रिया ही जोडी नाही. क्रिया-प्रतिक्रियेचे दोन बाण एकाच वस्तूवर कधीच येत नाहीत.

गच्चीवरचा दगड

आता एक गणित शेवटपर्यंत नेऊ. २५ मीटर उंच इमारतीच्या गच्चीच्या कडेवरून दगड सरळ वर २० मीटर प्रति सेकंद वेगाने फेकला. तो किती वेळाने जमिनीवर पडेल? गुरुत्व त्वरण १० मीटर प्रति सेकंद वर्ग घ्यायचं, हवेचा विरोध धरायचा नाही.

विद्यार्थिनीने वेळेला टी म्हटलं आणि लिहिलं:

२५ = २० टी + ५ टी²

सोडवून टी = १ आणि टी = −५ आले. "वेळ ऋण नसते" म्हणून दुसरं उत्तर खोडलं आणि लिहिलं: १ सेकंद.

चूक तुम्हाला तत्काळ दिसते आणि "चिन्ह चुकलं" हे शब्द जिभेवर येतात. ते गिळा. चिन्ह चुकलं हे ऐकून ती अधिकचं उणे करेल, उत्तर जुळेल आणि चिन्ह कशासाठी असतं ते तिला कळणारच नाही. त्याऐवजी विचारा, "दगड किती वेळ वर जात राहील?" दर सेकंदाला वेग १० ने कमी होतो, म्हणजे २० चा शून्य व्हायला २ सेकंद. "मग एका सेकंदाला दगड कुठे आहे?" तिचा चेहरा बघण्यासारखा असतो. दगड अजून वरच चाललाय आणि उत्तर म्हणतंय की तो जमिनीवर पडला.

इथे चिन्हांचा विषय काढा. वरची दिशा धन धरायची की खालची, हे तिला ठरवू द्या, कोणतीही चालते. फक्त ठरवलं की पानाच्या कोपऱ्यात एक बाण काढून त्याच्या टोकाशी अधिकचं चिन्ह लिहायचं, आणि मग त्या गणितापुरतं ते बदलायचं नाही. तिने वरची दिशा धन धरली. सुरुवातीचा वेग वर, म्हणून अधिक २०. त्वरण खाली, म्हणून उणे १०. आणि विस्थापन? दगड निघाला गच्चीवरून, पोहोचला २५ मीटर खाली, म्हणून उणे २५. वाटेत तो वर जाऊन आला याच्याशी विस्थापनाला देणंघेणं नाही. नवखी मुलं अडखळतात ती बहुतेक याच ठिकाणी, अंतर आणि विस्थापन यांत.

−२५ = २० टी − ५ टी²

म्हणजे टी² − ४ टी − ५ = ०, आणि टी = ५ किंवा −१. उत्तर ५ सेकंद.

दुसरा कुणी हेच दोन तुकड्यांत करेल: वर जायला २ सेकंद, तेवढ्यात २० मीटर चढला, आता जमिनीपासून ४५ मीटर, तिथून पडायला ३ सेकंद, एकूण ५. ही पद्धत लांबची आहे म्हणून त्याला थांबवू नका. उलट दोन तुकडे करणाऱ्याला गोष्ट जास्त चांगली दिसत असते. त्याचं झालं की एका समीकरणाची पद्धत पडताळा म्हणून करून घ्या.

आणि ते उणे १? बहुतेक जण काट मारून पुढे जातात. वेळ असेल तर इथे पाच मिनिटं रेंगाळा. समीकरणाला गच्ची माहीत नाही, हातही माहीत नाही. त्याला फक्त इतकं ठाऊक आहे की शून्य सेकंदाला दगड २५ मीटरवर होता आणि २० च्या वेगाने वर चालला होता. असा दगड बरोबर एक सेकंद आधी जमिनीवरून ३० मीटर प्रति सेकंद वेगाने फेकलेलाही असू शकतो. करून बघायला सांगा: एका सेकंदात ३० वजा ५ म्हणजे २५ मीटर चढेल आणि वेग २० उरेल. तंतोतंत. सगळ्यांनाच यात रस वाटेल असं नाही, पण ज्याला वाटतो तो त्या दिवसापासून ऋण उत्तर बघितल्याशिवाय खोडत नाही.

तिचं ते चुकलेलं '१ सेकंद' मात्र रबराने पुसू देऊ नका. एक आडवी रेघ मारून वाचता येईल असं राहू द्या. त्याचं काम पडणार आहे.

मागे येणारं खोकं

१० किलोचं खोकं जमिनीवर ठेवलंय. स्थितिक घर्षणाचा गुणांक ०.५. मी ३० न्यूटन बलाने आडवं ढकललं. घर्षण किती? विद्यार्थी सूत्र लावतो: ०.५ गुणिले १० गुणिले १०, बरोबर ५० न्यूटन.

"मग खोक्यावर एकूण बल किती आणि कुठल्या दिशेला?" "पुढे ३०, मागे ५०... मागे २०." "म्हणजे मी ढकललं आणि खोकं माझ्याच अंगावर आलं?"

इथे तो हसतो, आणि हसला की चूक त्याची त्याला सापडलेली असते. सूत्राने आलेले ५० न्यूटन ही घर्षणाची कमाल मर्यादा आहे. तोवर घर्षण गरजेपुरतंच लागतं: इथे ३०, आणि खोकं जागचं हलत नाही. गुणाकार बरोबर होता, सूत्राचा अर्थ चुकला होता. म्हणून कुठलंही सूत्र वहीत उतरवताना शेजारी ते कधी चालतं हेही लिहायची सवय लावा. गतीची ती तीन प्रसिद्ध समीकरणं फक्त त्वरण स्थिर असताना चालतात. स्प्रिंगला बांधलेल्या ठोकळ्यावर ती लावून पानं भरलेली मी पाहिली आहेत.

सूत्राआधी तत्त्व

१९८१ मध्ये मिशेलिन ची, पॉल फेल्टोविच आणि रॉबर्ट ग्लेझर यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. भौतिकशास्त्रातली गणितं नवख्यांना आणि तयार मंडळींना देऊन गट पाडायला सांगितले. नवख्यांनी उतरणीची गणितं एकीकडे ठेवली, स्प्रिंगची दुसरीकडे. तयार मंडळींनी ऊर्जेच्या अक्षय्यतेने सुटणारी एकत्र ठेवली, न्यूटनच्या दुसऱ्या नियमाने सुटणारी वेगळी, मग त्यांत उतरण असो की स्प्रिंग. 'कुठलं सूत्र?' या प्रश्नामागची अडचण हीच आहे. विद्यार्थ्याला सामान दिसतं, तत्त्व दिसत नाही.

म्हणून तो सूत्र विचारतो तेव्हा उलट विचारा, "यात काय बदलत नाही?" टक्कर झाली आणि बाहेरून बल नाही, तर संवेग बदलत नाही. घर्षण नाही, वेळही विचारलेली नाही, फक्त उंची आणि वेग यांची भाषा आहे, तर ऊर्जेकडे बघ. त्वरण किंवा ताण विचारलाय, तर आकृती काढून बलांची बेरीज कर. आपला तोच दगड किती वेगाने जमिनीवर आदळेल असं विचारलं असतं तर वेळेची गरजच नव्हती: २० चा वर्ग ४००, त्यात २ गुणिले १० गुणिले २५ म्हणजे ५०० मिळवले, ९००, वर्गमूळ ३०.

कधी कधी पाच-सहा गणितं द्या आणि सांगा, एकही सोडवायचं नाही, फक्त कुठलं तत्त्व आणि का, तेवढं बोल. मुलांना आधी ही थट्टा वाटते.

आकडे आणि एककं

आकडे जितके उशिरा घालता येतील तितके बरे. अक्षरांतच गणित चालवलं तर वस्तुमान दोन्ही बाजूंनी कटलेलं दिसतं, आणि 'वस्तुमान दिलेलंच नाही, प्रश्न चुकलाय' ही तक्रार आपोआप मिटते. ताशी ७२ किलोमीटर दिलेत तर आधी ३.६ ने भागून २० मीटर प्रति सेकंद करायचे. प्रत्येक ओळीत एकक लिहायचं, फक्त शेवटच्या ओळीत चिकटवायचं नाही. मुलं कंटाळा करतात. त्यांना १९९९ साली मंगळाजवळ गमावलेल्या मार्स क्लायमेट ऑर्बिटर यानाची हकिगत सांगा: जमिनीवरची एक संगणक प्रणाली आवेग पाउंड-सेकंदात देत होती आणि पुढे तेच आकडे न्यूटन-सेकंद समजून वापरले गेले. एका पाउंड बलात सुमारे ४.४५ न्यूटन असतात.

उत्तर आलं, थांबा

मागचं पान उलटण्याआधी उत्तराला टोकाला नेऊन बघायला शिकवा. कप्पीवरून दोरी, दोन टोकांना दोन वजनं, त्वरण काढायचंय. विद्यार्थ्याचं सूत्र आलं की विचारा, "दोन्ही वजनं सारखी असती तर?" त्वरण शून्यच यायला हवं. "एका बाजूला काहीच नसतं तर?" दुसरं वजन मोकळं पडायला हवं. त्याच्या सूत्रात वर वजाबाकीच्या जागी बेरीज पडली असेल तर पहिल्याच प्रश्नात सापडते, पुस्तकातल्या उत्तराची मदत न घेता.

तुमचं गप्प बसणं

अमेरिकन संशोधक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात वर्गांतली संभाषणं तपासली, तेव्हा शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात असं दिसलं. तीन सेकंद किंवा जास्त थांबलं की मुलांची उत्तरं लांबतात आणि त्यांत कारणंही येऊ लागतात. तीन सेकंद किती लांब वाटतात हे स्वतः अनुभवून बघा. मी मनात आकडे मोजतो.

पण सगळंच प्रश्न विचारून काढून घ्यायचा अट्टहासही नको. व्याख्या, संकेत, नावं ही गोष्ट थेट सांगून टाकायची. 'चाल' आणि 'वेग' यांत फरक काय हे विद्यार्थी विचार करून शोधू शकत नाही, कुणीतरी तो ठरवलेला आहे. तासभर आडवळणाने विचारत राहणारा शिक्षक मुलाला छळवादी वाटतो, आणि त्यात मुलाचं काही चुकत नाही.

सूचना द्यायची तर सगळ्यांत छोटी आधी: "प्रश्न परत एकदा वाच." मग "आकृतीत काही राहिलंय का?" मग "दोरीकडे बघ." समीकरण सांगणं अगदी शेवटी. "हो, समजलं" यावर विसंबू नका, वही मिटून पहिल्यापासून सांगायला लावा. आणि तुम्हीच अडलात तर तसं मोकळेपणाने म्हणा, त्याच्यासमोर परत आकृतीपासून सुरू करा. माहितगार माणूस अडल्यावर काय करतो, हे त्याला एरवी बघायला मिळत नाही.

वही उद्या द्यायची आहे, सहा गणितं बाकी आहेत आणि रात्रीचे दहा वाजलेत, असाही प्रसंग येतो. मी अशा वेळी दोन गणितं नीट करून घेतो आणि उरलेल्यांच्या आकृत्या काढून 'इथपर्यंत आलं' असं लिहायला सांगतो. सगळ्या मुलांना हे पटत नाही. घरच्यांना तर मुळीच नाही.

दुसऱ्या दिवशी

काल सोडवलेलं गणित दुसऱ्या दिवशी एकच गोष्ट बदलून द्या, आणि तुम्ही काही बोलू नका. दगडाच्या गणितात मी एवढंच बदलतो: तीच २५ मीटरची गच्ची, तोच २० चा वेग, पण दगड सरळ खाली फेकला. किती वेळाने पडेल?

ती कोपऱ्यात बाण काढते. या वेळी खालची दिशा धन धरते. वेग अधिक २०, त्वरण अधिक १०, विस्थापन अधिक २५. समीकरण लिहिते, सोडवायला घेते आणि मध्येच थांबते. मग आदलं पान उलटते आणि काल आडवी रेघ मारलेल्या '१ सेकंद'वर बोट ठेवते.